दूर्वांची जुडी, अळिवाचा किल्ला

गणपतीच्या सुट्टीआधी आमच्या बालवाडीच्या दारात पालक हमखास विचारतात, "ताई, एवढे दिवस घरी काय करून घेऊ?" पनवेलच्या बाजारात तोवर तयार साहित्याचे खोके आलेले असतात. त्यात गणपतीचं छापील चित्र, चिकटवायच्या टिकल्या, रंगीत कागद असं सगळं असतं. ते घेऊ नका असं मी म्हणत नाही. मी त्यांना उलट विचारते, की तुमच्या घरी दूर्वा कोण निवडतं? पत्री कोण धुतं? कापसाची वस्त्रं कोण करतं? तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिकायला जे लागतं, ते बहुतेक सगळं सणाच्या घरात आधीच मांडून ठेवलेलं असतं. त्या मोठ्या कामातून मुलाच्या हाताला पेलेल एवढा तुकडा वेगळा काढणं, हीच माझी विद्या. मात्र तो तुकडा खऱ्या कामाचा हवा. मुलाने केलेलं पूजेत, ताटात, उंबऱ्याशी दिसलं पाहिजे.

दूर्वांचंच घ्या. गवताच्या ढिगातून तीन पात्यांचं कोवळं टोक असलेली दूर्वा शोधायची, हे साडेतीन वर्षांचं मूल सहज करतं. 'ही आहे, ही नाही' असा निवाडा ते दर काडीला करत असतं. जुडीला एकवीस लागतात आणि या वयाला एकवीस मोजणं जड जातं. म्हणून मी पाटावर खडूने एकवीस ठिपके काढायला सांगते. एका ठिपक्यावर एक दूर्वा. ठिपके संपले की जुडी पूर्ण. एक ते शंभर घडाघडा म्हणणारी मुलंही वस्तूला बोट लावून मोजताना एखादी गाळतात किंवा एकच दोनदा धरतात. ठिपक्याला दूर्वा लावताना आकडा आणि वस्तू यांची गाठ पडते. म्हणण्यापेक्षा ही गाठ मला फार महत्त्वाची वाटते.

पत्रीत तर शाळेचा पूर्ण आठवडा मावेल. बेलाला तीन पानं, शमीची पानं अगदी बारीक, आघाड्याचा तुरा उलटा फिरवला की बोटाला बोचतो, तुळस न बघताही ओळखता येते. डोळे मिटून वास घ्यायचा आणि नाव सांगायचं. नाव आलं नाही तरी "काल आजीने चहात घातलं ते" हेही उत्तर बरोबरच. एक पथ्य मात्र काटेकोर पाळायचं. परंपरेच्या एकवीस पानांत धोतरा, कण्हेर आणि रुईसुद्धा येतात. ही तिन्ही विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो. ती आधीच बाजूला काढायची आणि काम झाल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायचे.

गौरी तेरड्याच्या असतील, तर त्याची पिकलेली बोंडं मुलांना दाखवाच. बोट लागताच बोंड फुटतं आणि बिया उडतात. बी झाडापासून लांब कशी जाते, हे त्या क्षणी कळतं. मग मूल अंगणातलं प्रत्येक बोंड दाबून बघतं. बघू द्या.

हे मी एकटीने शोधलेलं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, ज्या बालवाड्या उभ्या केल्या त्यांत हाच विचार होता. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार? मग भोवताली जे मिळतं त्यातूनच मुलांची साधनं घडवली गेली. इतक्या वर्षांनंतर आमच्याकडे साधनांची दुकानं रांगेने आहेत, तरीही त्यांचा तो निर्णय मला आजही तितकाच नेमका वाटतो.

माती आम्हाला दूर नाही. मुंबई–गोवा रस्त्याने खाली उतरलं की पेण. तिथल्या मूर्ती टेम्पोत गवतात बसून पनवेलवरून पुढे जातात, ते मुलं बघतात. घरी शाडूची मूठभर माती आणली तरी पुरे. मूर्ती करायची घाई नको. आधी नुसतं मळायचं, कारण त्यातच मनगट आणि बोटं तयार होतात. पुढे पेन्सिल धरायची ती याच बोटांनी. मग गोळा, गोळ्याची लांब वळी, वळीची चपटी पट्टी, एवढे तीन आकार हाताला आले की सोंड, कान, पोट मूल स्वतःच जमवतं. विसर्जन घरच्या बादलीत करा आणि मध्येमध्ये डोकावू द्या. आधी कडा विरतात, मग आकार जातो आणि शेवटी तळाशी गाळ बसतो. तो गाळ कुंडीत घालायचं कामही मुलाचंच.

दिवाळीत मोठ्यांची घाई वाढते, तेव्हा मुलांना दूर ठेवावंसं वाटतं. फराळात तळण सोडून पुष्कळ काही आहे. शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणं फिरवायला द्या. सरळ रेघ ओढण्याचा याहून चांगला सराव मला ठाऊक नाही, आणि वाकड्या शंकरपाळ्याही तितक्याच खुसखुशीत होतात. रांगोळीत आधी फक्त ठिपके. चिमूट भरायची, थेंबाएवढी सोडायची, पुढे सरकायचं. चार ओळी, चार ठिपके. रेघा जोडणं दुसऱ्या दिवशी किंवा पुढल्या वर्षी. आणि पाहुणे यायच्या आत मुलाची रांगोळी पुसून तिथे आपली काढायची, हे कृपा करून करू नका. उंबऱ्याशी दोन्हींना जागा असते. आपली पुसली गेलेली बघितली की मूल बोलत नाही, पण पुढच्या वेळी चिमूट भरायला बसत नाही.

किल्ला मात्र पूर्ण आठवड्याचा उद्योग आहे. नवीन पनवेल, खांदा कॉलनीच्या इमारतींत अंगण नाही, तर गॅलरीत एका ताटात करा. दगड, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा काला. आमच्याकडे अर्थात कर्नाळाच. अंगठ्यासारखा उभा सुळका रस्त्यावरूनच दिसतो, त्यामुळे प्रत्येक मूल तो आधी उभारतं. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी लक्ष्मीपूजनाच्या पाच-सहा दिवस आधी पेरावी. रोज शिंपडायचं, रोज एक दोरा कोंबाशी धरून उंचीएवढा कापायचा आणि कागदावर शेजारी शेजारी चिकटवायचा. दोरे लांबत जातात तो आलेख, पण तो शब्द आत्ता सांगायची गरज नाही. मावळे मांडताना तुम्ही फक्त विचारत जा. हा तटाच्या आत की बाहेर? बुरुजाच्या मागे कोण लपलंय? वर, खाली, आत, मागे हे शब्द हात वापरतानाच पक्के होतात.

पनवेलला बेने इस्रायली मंडळींचं बेथ एल सिनेगॉग 1849 पासून आहे. डिसेंबरच्या सुमारास येणारा त्यांचा हनुक्का आठ रात्रींचा. पहिल्या रात्री एक दिवा, दुसऱ्या रात्री दोन, असं करत आठ. लावायचे दिवे ज्या एका दिव्याने पेटवतात, तो निराळा. लहान मुलासाठी 'कालच्यापेक्षा एक जास्त' ही कल्पना इतक्या स्वच्छपणे मांडणारा दुसरा सण मला माहीत नाही. वर्गात मी तो न पेटवलेल्या पणत्यांनी मांडते. रोज एक पणती वाढते आणि उद्या किती, हे मुलं आज सांगतात. घरी हाच खेळ कोणत्याही धर्माच्या पालकाला करता येईल.

मग येते संक्रांत. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचं बोरन्हाण झालं, की जमिनीवर बोरं, चुरमुरे, उसाची करवं, हलवा आणि हरभऱ्याचे घाटे यांचा सडा पडतो. लुटून झाल्यावर तो वेचून वेगवेगळ्या वाट्यांत टाकायला सांगा, आधी रंगाने, मग आकाराने. शेंगदाणे, अख्खे हरभरे आणि बोराच्या बिया मात्र लहानग्यांपासून लांब ठेवा. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा असतो, म्हणून वेचताना शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. घाटे सोलायला चार वर्षांच्या मुलाला फार वेळ लागतो. टरफल वाकतं, दाणा उडतो, कोचाखाली जातो. तो शोधायला मूल पोटावर आडवं होतं आणि परत येऊन वाटीत टाकतं. तोपर्यंत तुम्हीही सोलत राहा, पण तुमच्याच वाटीत.