कागदावर मावेल तेवढे

आई गेली त्याला आता वर्ष होत आले. वर्षश्राद्धाच्या आधी तिचा एक मोठा फोटो भिंतीवर लावावा, असे दादाने आणि मी ठरवले. निवडीवरून वाद झाला नाही. १९८७ च्या नवरात्रातला, टेंभी नाक्यावरचा फोटो दोघांच्याही मनात होता. नाक्यावरचा देवीचा उत्सव आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केला आणि आमच्या बालपणी नवरात्र म्हणजे टेंभी नाका हे समीकरण पक्के झालेले होते. मंडपाबाहेर, दिव्यांच्या माळांखाली आई उभी आहे. तिच्या कपाळावर मेण लावून रेखलेले ठसठशीत कुंकू आहे आणि ती कॅमेऱ्याकडे न पाहता गर्दीत कुणाला तरी शोधते आहे.

वाद झाला तो साडीच्या रंगावरून. त्या काळच्या रंगीत छायाचित्रांत निळसर, पिवळे आणि किरमिजी अशा तीन रंगद्रव्यांचे थर असत. अल्बमच्या अंधारातही निळसर थर बहुधा आधी विरतो, म्हणून जुने फोटो तांबूस होत जातात. आईची साडी आता तपकिरी दिसते. मी म्हणते ती हिरवी होती. दादा म्हणतो निळी. भाच्याने फोटो स्कॅन करून संगणकावर त्याचे रंग दुरुस्त केले, तेव्हा मी शेजारी बसून होते, म्हणून साडी हिरवी झाली. मग मी म्हटले, कुंकू आणखी लाल कर. अजून थोडे. त्याने केले. पडद्यावर ते दिव्यासारखे पेटले आणि मला फार बरे वाटले.

फोटो छापायला आम्ही नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या एका लहान दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने लगेच छापायला घेतले नाही. "मॅडम, आधी प्रूफ बघून घ्या," तो म्हणाला. प्रूफ म्हटले की मला महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची लांब पाने आणि समासातल्या लाल खुणाच आठवतात. हे प्रूफ पडद्यावरच होते. त्याला सॉफ्ट प्रूफ म्हणतात. पडदा रंग दाखवतो तो स्वतः प्रकाश फेकून. कागदाला मात्र त्याच्यावर पडलेला प्रकाशच परत देता येतो. साहजिकच पडद्यावरचे काही झगझगीत रंग शाईच्या आवाक्याबाहेर राहतात. कोणता छपाईयंत्र-कागद कोणते रंग पेलू शकतो, याचे मोजमाप 'प्रोफाइल' नावाच्या एका फाइलमध्ये असते. १९९३ साली आठ कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या 'इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम'ने या फाइलींचे सामाईक मानक घडवले. त्या मोजमापाच्या आधारे संगणक छापील प्रत कशी दिसेल याचा अंदाज पडद्यावरच दाखवतो.

मुलाने आधी कागदाचा पांढरेपणा जमेस धरला. दिव्यांच्या माळा विझल्यासारख्या झाल्या, काळोख करडा झाला. मग त्याने आणखी एक कळ दाबली. जे रंग कागदावर उतरणार नाहीत, त्यांच्या जागी राखाडी डाग दिसू लागले. साडीच्या काठावर थोडे. आणि आईच्या कपाळावर, कुंकवाच्या जागी, एक राखाडी गोल.

मी खुर्चीत मागे सरले. वडील १९९६ साली गेले. आईचे कुंकू कुणी पुसले नाही. तिने आपणहून लावणे सोडले. पुढेही ती नाक्यावर दर्शनाला जायची, पण ओटी भरायला नाही. मी तेव्हा स्त्रीवादी कविता वाचत होते आणि आईला एकदाही म्हटले नाही की, तू लाव. पडद्यावरचे लाल वाढवत नेताना मी काय भरून काढत होते, हे त्या राखाडी गोलाने मला दाखवले.

मुद्रितशोधनात सापडतात त्या चुका. त्या दुरुस्त करता येतात. हे प्रूफ मात्र मर्यादा दाखवते. राजा रविवर्म्याच्या छापखान्यात तैलचित्रावरून शिळाछाप काढताना प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. तैलरंगांची सारी खोली त्या दगडांतून उतरणे शक्य नव्हते. तरी घराघरांतल्या देव्हाऱ्यांत पोचली ती कागदावरचीच लक्ष्मी. जे मावले, त्याचीच पूजा झाली.

मुलाने विचारले, "छापू का असेच? यंत्र जवळचा रंग घेईल." मी नको म्हटले. आम्ही कुंकवाचा लाल हळूहळू उतरवत गेलो. राखाडी गोल कडेने आक्रसत आला, ठिपका झाला आणि नाहीसा झाला. खाली राहिले ते थोडे मातकट, वाळलेल्या कुंकवासारखे लाल. मेणावरचे कुंकू संध्याकाळपर्यंत तसेच तर दिसायचे. मग मी मूळ फोटो पिशवीतून काढून पडद्याशेजारी धरला. वाढवण्यापूर्वीचे लाल याच्यापासून फार दूर नव्हते.

साडीच्या काठाचे डागही तसेच घालवले. मुलगा म्हणाला, फोटो घरी लावाल तेव्हा तिथल्या दिव्याप्रमाणे पुन्हा थोडा वेगळा दिसेल. त्याचे प्रूफ माझ्याकडे नाही.

आता फोटो दादाच्या घरी, बैठकीच्या भिंतीवर आहे. दिवसा खिडकीच्या उजेडात साडी स्वच्छ हिरवी दिसते. संध्याकाळी ट्यूबलाइट लागली की तिच्यावर किंचित निळसर झाक येते. दादा त्या वेळी फोटोकडे बघतो आणि काहीच बोलत नाही. मीही हल्ली वाद घालत नाही.