व्हिनेगरचा झोन

पहिला झोन दिसला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून मी तशीच उभी राहिले. प्लेटभर ई. कोलायचा करडा थर आणि चिटोसान घातलेल्या छिद्राभोवती स्वच्छ, काचेसारखं वर्तुळ. पट्टी लावली. १४ मिलिमीटर. तिथूनच आईला फोन केला, "मेले गं जंतू."

आई रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळ कोळंबी सोलायला जाते. टरफलं तिनेच आणून दिली होती. धुतली, वाळवली, मिक्सरला लावली. हायड्रोक्लोरिक आम्लात त्यांतला चुना फसफसत गेला, पातळ कॉस्टिकमध्ये प्रथिनं गेली, राहिलं ते कायटिन. ते दाट कॉस्टिकमध्ये तास न् तास तापवलं की त्याचे ॲसिटिल गट सुटतात आणि चिटोसान हाती येतं. फ्रान्सच्या शार्ल रूजे यांनी १८५९ मध्ये कायटिन असंच अल्कलीत उकळलं होतं, आणि मग ते आम्लात विरघळू लागलं होतं. मला वाटायचं, अवघड काम ते इतकंच. पुढची जंतूंवरची चाचणी म्हणजे दोन दिवसांची गोष्ट.

लॅबमधल्या मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली आणि विचारलं, "नुसत्या ॲसिडचं छिद्र कुठंय?"

ते मी केलंच नव्हतं. चिटोसान साध्या पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते १ टक्का ॲसेटिक आम्लात, म्हणजे पातळ केलेल्या व्हिनेगरमध्येच, रात्रभर ढवळत ठेवलं होतं. सकाळी भाताच्या पेजेसारखं दाट झालं होतं. आम्ल जंतूंना मारतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण द्रावण करताना ते माझ्या लेखी पाण्याच्या जागी आलेलं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी शेजारी शेजारी दोन छिद्रं पाडली. चिटोसानचा झोन १४, नुसत्या आम्लाचा १३.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आईने कोळंबी सोलणाऱ्या ओळीतल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं होतं.

मग मी आम्ल काढून टाकायला निघाले. द्रावणात कॉस्टिकचे थेंब टाकत पीएच ७ कडे नेला, तर साडेसहाच्या आसपास पांढरे पुंजके झाले आणि तळाशी बसले. हे का झालं ते समजून घ्यायला मला आठवडा लागला, आणि मला वाटतं सगळी गुंतागुंत इथेच आहे. चिटोसानवर अमाइन गट असतात. आम्लात ते प्रोटॉन घेतात आणि रेणूवर धन प्रभार येतो. जिवाणूचं बाहेरचं आवरण ऋण प्रभाराचं. त्या ओढीने चिटोसान त्याला चिकटतं आणि आवरण बिघडवतं. पीएच वाढला की प्रभार जातो, विरघळणं जातं आणि जंतूंवरचा जोरही ओसरतो. म्हणजे ज्या आम्लाने मला फसवलं, त्याच्यावाचून माझं चिटोसान काम करणार नव्हतं.

शिवाय ज्या आगरवर मी झोन शोधत होते, त्या म्युलर-हिंटन आगरचा पीएच ७.३ च्या जवळ. त्यात चिटोसानचा रेणू लांबलचक, तो आगरमधून फारसा सरकतच नाही. तेव्हा झोन आला तरी तो चिटोसानचा म्हणता येईना, आणि झोन नाही म्हणून परिणाम नाही असंही म्हणता येईना. प्रतिजैविकांसाठी इतकी सोयीची असलेली ही पद्धत माझ्या पदार्थाला लागूच पडत नव्हती.

प्लेट सोडून नळ्यांकडे वळले. नळी गढूळ म्हणजे वाढ, स्वच्छ म्हणजे वाढ नाही, असं शिकले होते. चिटोसानच्या सगळ्या नळ्या गढूळ निघाल्या. जंतू न टाकलेलीसुद्धा! ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतूंच्या द्रव खाद्यात, चिटोसानच साकळलं होतं. गढूळपणा डोळ्यांनी पाहून काही कळणार नाही, वसाहतीच मोजायला हव्यात, हे तेव्हा पटलं.

मग ब्रॉथ पीएच ५.८ वर आणला. एका नळीत आम्लातलं चिटोसान, दुसरीत तेवढंच आम्ल, पीएच तोच. दोन्हींत मिलिलिटरला सुमारे १५ लाख ई. कोलाय. चिटोसान पिपेटने ओढताना टिपच्या आत चिकटून राहायचं, बुडबुडे यायचे, दर वेळी माप चुकायचं. टिपचं टोक कापून, अगदी हळू ओढायला लॅबमधल्या काकांनी शिकवलं. त्यांच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही.

चार तासांनी दोन्ही नळ्यांतलं टप्प्याटप्प्याने विरल करून प्लेटवर पसरलं. दुसऱ्या दिवशी मार्करने ठिपके देत मोजत बसले. आम्लाच्या नळीची दहा हजार पट विरल केलेली प्लेट: २१२ वसाहती. चिटोसानची हजार पट विरल प्लेट: ७. तीसच्या खालचा आकडा धरायचा नसतो, म्हणून शंभर पटीची घेतली: ७४. पसरलेलं द्रव ०.१ मिलिलिटर होतं, तेव्हा हिशेब असा: आम्लात वाढून २ कोटी १२ लाख झालेले, चिटोसानमध्ये घटून ७४ हजार उरलेले. अडीचशे पटींहून जास्त फरक, आणि या वेळी तो आम्लाचा नव्हता. तो हिशेब मी तीनदा केला.

वही मॅडमच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी आकडे तपासले, मग म्हणाल्या, "त्या नळीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघ."

एकेकट्या फिरायला हव्यात अशा ई. कोलायच्या काड्या एकमेकींना बिलगून गोळ्यांत बसल्या होत्या. चिटोसान त्यांना नुसतं मारत नाही, एकत्र बांधतंही. एका गोळ्यात पन्नास जिवंत काड्या असल्या तरी प्लेटवर त्यांची वसाहत एकच उठणार. माझ्या ७४ मागे किती मेलेले आणि किती बांधलेले, हे प्लेट सांगू शकत नव्हती.

मेलेले ओळखायची एक वाट आहे: आवरण खरंच फाटलं असेल तर आतले न्यूक्लिइक आम्लांचे तुकडे बाहेर झिरपतात आणि २६० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतात. जंतू गाळून टाकायचे, खालचं स्वच्छ द्रव मोजायचं, शेजारी आम्लाची नळी, शेजारी जंतूंशिवायचं चिटोसान. स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या वहीत शुक्रवारी दुपारी तीन ते पाच माझं नाव लिहिलंय. आईने विचारलं, "मग मेले की नाही?" म्हटलं, "काही मेले, काही बांधले गेलेत. शुक्रवारी सांगते." ती म्हणाली, टरफलं अजून लागतील का, उद्या मोठी कोळंबी येणार आहे.