चालणारे काठ

कॉलेजात प्रवेश घेताना फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो. पहिल्या वर्षी त्या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले. ते खोटे होते. आम्हाला शेत नाही. माझे वडील कृष्णेवर नाव चालवतात. या काठाची माणसे त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, एवढाच त्यांचा व्यवसाय. पण रांगेत माझ्यामागे वर्गातल्या मुली उभ्या होत्या आणि ‘नावाडी’ हा शब्द काही केल्या माझ्या पेनातून उतरेना. दुसऱ्या वर्षीही मी ‘शेती’च लिहिले. एकदा सांगितलेले खोटे पुन्हा सांगायला सोपे जाते.

हे आज लिहावेसे वाटले, त्याला कारण एक फ्रेंच गृहस्थ आहे. त्याचे नाव अलेक्झांडर प्रोमिओ.

यंदा सरांनी आम्हाला सिनेमाच्या जन्मकाळातल्या काही फिती पडद्यावर दाखवल्या. एकेक फीत जेमतेम पन्नास सेकंदांची. कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, आगगाडी स्टेशनात येते. कॅमेरा आपल्या जागी तिवईवर उभा. हलायचे ते समोरच्या जगाने. मग एक फीत अशी आली की मी खुर्चीत सावरून बसले. व्हेनिस शहरातला मोठा कालवा होता आणि काठावरचे वाडे एकामागून एक सरकत होते. कॅमेरा पाण्यावरून चालला होता! शेजारच्या मैत्रिणीला त्यात विशेष काही वाटले नाही. मला मात्र आमचा घाट दिसू लागला. लहानपणी नावेच्या टोकाला बसून मी ओरडायची, “आबा, काठ चालला बघा!” आबा म्हणायचे, “काठ कशाला चालतोय? चालतोय आपुनच.”

ती फीत 1896 सालची, प्रोमिओने घेतलेली. मग त्याच्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले. तो 1868 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जन्मला. चष्मे-भिंगांच्या एका व्यावसायिकाकडे तो मदतनीस होता. त्याच शहरात 1895 साली ल्युमिए बंधूंचे नवे यंत्र त्याने पाहिले आणि पुढच्याच वर्षी तो त्यांच्याकडे नोकरीला लागला. ते यंत्र मोठे गमतीचे. एका माणसाला सहज उचलता येईल एवढी लाकडी पेटी आणि तिला हाताने फिरवायचा दांडा. तीच पेटी चित्र घेई, तीच फितीची प्रत काढी आणि तीच रात्री पडद्यावर खेळ दाखवी. असे यंत्र घेऊन ल्युमिएंची माणसे जगभर गेली. त्यांतलाच मारिउस सेस्तिए मुंबईला आला आणि 7 जुलै 1896 रोजी वॉटसन हॉटेलात त्याने आपल्या देशातला सिनेमाचा पहिला खेळ केला. तिकीट होते एक रुपया!

प्रोमिओ एका वर्षातच माद्रिद, लंडन, न्यूयॉर्क, शिकागो असा हिंडला. व्हेनिसला स्टेशनवरून हॉटेलात जाताना तो नावेत बसला होता. सरकणारे काठ पाहून त्याच्या मनात आले की उभ्या कॅमेऱ्याने हलत्या वस्तू टिपता येतात, तर हलत्या कॅमेऱ्याने उभ्या वस्तू का टिपता येऊ नयेत? त्याने फीत घेतली, मालकांकडे पाठवली आणि मत विचारले. मालकांना ती पसंत पडली. मग त्याने आगगाडीतूनही चित्रे घेतली. 1897 साली जेरुसलेम सोडताना घेतलेली फीतही सरांनी दाखवली होती. फलाटावरची माणसे टोप्या काढून निरोप देतात आणि हळूहळू लहान होत जातात. बघताना उगाच गलबलून आले. एस. टी. सुटल्यावर थांब्यावर उभी असलेली माझी आई मला अशीच लहान होताना दिसते.

पुढे प्रोमिओ दिग्दर्शक झाला. थिओफिल पाथे यांच्या कंपनीत त्याने काम केले. महायुद्धानंतर अल्जीरियातल्या फ्रेंच सरकारचा चित्रपट विभाग सांभाळला. 1926 साली तो वारला. पण मला तो आठवतो तो नावेतला. यंत्र त्याचे नव्हते, शोध त्याचा नव्हता. तो पगारी माणूस होता. व्हेनिसच्या नावाड्यांनी शेकडो वर्षे जे रोज पाहिले, तेच त्याने पाहिले. फरक एवढाच की आपण पाहिलेले सांगण्याजोगे आहे, असे त्याला वाटले. मी तर तेच लपवून ठेवले होते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा ती फीत मोबाइलवर आबांना दाखवली. संध्याकाळ होती, नाव काठाला बांधलेली. आबांनी हात धोतराला पुसले, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि न बोलता फीत पाहिली. “परत लाव,” म्हणाले. पुन्हा पाहिली. मी उत्साहाने प्रोमिओची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारले, “नाव कोण चालवत हुतं?”

मी गप्प झाले. मी वाचलेल्यात ते कुठेच नव्हते. मुख्य म्हणजे, नावाड्याची मुलगी असून हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“पुस्तकात नाही, आबा.”

“येवढं समदं लिवलं,” आबा म्हणाले, “त्याचं बी नाव लिवायचं.” आणि ते नावेतले पाणी उपसायला गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र तो फॉर्म आठवला. व्हेनिसच्या नावाड्याचे नाव कुणी लिहिले नाही, त्याला शंभरावर वर्षे लोटली. माझ्या वडिलांचा व्यवसाय मात्र मीच, माझ्या अक्षरात, दोनदा खोडला होता.

येत्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा आहे. रांगेत माझ्यामागे कुणी ना कुणी उभे असेलच. त्या रकान्यात मी ‘नावाडी’ लिहिणार आहे.

— द्वितीय वर्ष, कला