मुका मार

डोक्याला मार लागण्यांत एक मोठी गैरसोय आहे. पाय मोडला तर त्याची काळजी वाहावयाला डोकें तरी धड असतें. पण डोकेंच दुखावलें म्हणजे त्या दुखापतीचा विचारही त्याच दुखावलेल्या डोक्यानें करावा लागतो! आरोपीनेंच न्यायासनावर बसून आपला निकाल द्यावा, तसा हा प्रकार. ह्या दुखण्यांत आशा टिकविणें इतकें अवघड कां जातें, ह्याचें उत्तर मला वाटतें ह्यांतच आहे.

गेल्या आषाढांत ओल्या जिन्यावर माझा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू भिंतीवर आपटली. रक्ताचा थेंब नाहीं, टेंगूळसुद्धां बेताचेंच. डॉक्टरांनीं सीटी स्कॅन करविला, तो निर्दोष निघाला. ‘कंकशन आहे, बहुतेक माणसें कांहीं आठवड्यांत बरीं होतात,’ असें ते म्हणाले. आपल्याकडे ह्याला मुका मार म्हणतात, आणि हें नांव ठेवणारा मोठा जाणता असला पाहिजे. मार मुका, म्हणून त्याच्या वतीनें रोग्यालाच बोलावें लागतें. हाताला प्लास्टर असलें तर लोक खुर्ची पुढें करतात. पण धडधाकट दिसणाऱ्या माणसानें ‘जरा दिवा मालवा’ म्हटलें, कीं पाहुणे एकमेकांकडे पाहूं लागतात.

चित्र निर्दोष आणि माणूस आजारी, हें कोडें सुटलें तेव्हां मला बरेंच हायसें वाटलें. हादऱ्यानें मेंदूच्या पेशींतील क्षारांचा तोल बिघडतो. तो सांवरण्यासाठीं पेशींना नेहमींपेक्षां अधिक शक्ति लागते, आणि नेमका त्याच वेळीं रक्ताचा पुरवठा उणा पडूं शकतो. घराच्या भिंती शाबूत, पण ऐन लग्नघाईंत वाण्यानें उधारी बंद केलेली. अशा संसाराचें छायाचित्र काढलें तर त्यांत काय दिसणार?

माझा व्यवसाय मुद्रितें तपासण्याचा. अर्धें पान वाचतांच ओळी हलूं लागत, तेव्हां भीति नुसत्या डोकेदुखीची नव्हती, पोटाची होती. अशा वेळीं आशा तारीख मागते. ‘गणेशचतुर्थीपर्यंत बरें वाटेल,’ असें घरांत जो तो म्हणे. चतुर्थी आली, आणि आरतीच्या झांजांनीं मला दोन दिवस अंथरुणाला खिळविलें. आशेला तारीख लागली कीं तिची हुंडी होते. ती वटली नाहीं कीं मनाचें दिवाळें वाजतें.

त्या दिवसांत मला खात्रीनें वाटे कीं, आतां हें असेंच राहणार. परंतु चिडचिड, खिन्नता, झोपेचा बिघाड हीं ह्या दुखापतीचीं लक्षणेंच होत, असें डॉक्टरांनीं समजाविलें. म्हणजे निराशा हा माझ्या बुद्धीनें काढलेला निष्कर्ष नव्हता. चक्कर जसें एक लक्षण, तसेंच तेंही एक. चक्कर आली म्हणून घर खरोखरच फिरूं लागलें, असें आपण कोठें मानतों? तज्ज्ञांना आणखी एक गंमत आढळली आहे. असे रोगी अपघातापूर्वींचें आपलें आयुष्य होतें त्याहून निर्दोष समजूं लागतात. ‘पूर्वीं माझ्या स्मरणांतून कांहींच जात नसे,’ असें मी एकदां कण्हत म्हणालों. पत्नी शांतपणें म्हणाली, ‘अहो, दर पावसाळ्यांत एक छत्री लोकलमध्यें ठेवून येत होतें, तें कोण?’

त्या दिवसापासून आशा सांभाळण्याचें काम तिनें माझ्या डोक्याकडून काढून घेतलें. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर ती रोज एक ओळ लिहूं लागली. ‘अर्धें पान, मग पडून.’ ‘गल्लीच्या टोंकापर्यंत, येतांना चक्कर.’ ‘भाजी आणली, पिशवी स्वतः उचलली.’ वहीचा नियम एकच: आजची तुलना कालशीं करावयाची नाहीं, महिन्यापूर्वींच्या ओळीशीं करावयाची. बरें होण्याची ही वाट घाटासारखी आहे. चढ चढतांनाच मध्यें उतार लागतात, आणि पुढच्या वळणापुरतें पाहणाऱ्याला आपण खालींच चाललों असें वाटतें.

पूर्वीं अशा रोग्याला अंधाऱ्या खोलींत दिवसचे दिवस पडून राहावयास सांगत. खेळाडूंच्या अशा दुखापतींविषयीं २०२२ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें परिषद भरली. तिचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेलें मत निराळें आहे. पहिले एकदोन दिवस बेताची विश्रांति, मग सोसेल तितकें चालणेंफिरणें. त्यानें डोकें थोडें, थोडा वेळ ठणकलें तरी भिण्याचें कारण नाहीं. मात्र दुखणें वाढतच गेलें, पुन्हा पुन्हा उलटी झाली किंवा गुंगी येऊं लागली, तर आशेनें वाट पाहत बसूं नये. तांतडीनें रुग्णालय गाठावें.

आतां कार्तिक सरत आला. मी दिवसाला बारा पानें तपासतों. पूर्वीं चाळीस होत. लग्नाच्या वरातींतला बँड अजून सोसत नाहीं. उरलेलीं अठ्ठावीस पानें परत येतील कीं नाहीं, हें डॉक्टरही शपथेवर सांगत नाहींत. एखाद्या संध्याकाळीं डोकें पुन्हा जुनाच निकाल वाचूं लागतें, तेव्हां मी वही उघडतों. श्रावणाच्या पानावर ‘अर्धें पान’ असें स्पष्ट लिहिलेलें आहे, आणि तें अक्षर माझें नाहीं.