बाळंतिणीची शिदोरी

घरांत पाळणा हलणार असें निश्चित झालें, कीं जुन्या बायका प्रथम कोठीघराकडे वळत. डिंक निवडणें, खारका फोडणें, खोबरें किसून भाजणें, बाळंतशोपा व ओवा बरण्यांत भरणें, हीं कामें सातव्या महिन्यापासूनच सुरू होत. ही दूरदृष्टि केवळ आजीबाईंच्या काळची नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या अध्यायांत, नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध करावें असें सांगितलें आहे. आणि तेथें ठेवावयाच्या वस्तूंत तूप, तेल, मध, सैंधव, वावडिंग यांपासून उखळ-मुसळापर्यंत सर्व कांहीं मोजलें आहे. त्याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट सांगितली आहे: अनेकदां प्रसूत झालेल्या, मायाळू आणि कष्टास न कंटाळणाऱ्या स्त्रिया जवळ असाव्या. आमच्या मतें सगळ्या यादींत हीच नोंद मोलाची. बाकीचें बाजारांत मिळतें.

आमच्या ऊर्जानगरांत नेमकी हीच नोंद भरून काढणें अवघड झालें आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 सालीं सुरू झाला आणि त्याच्या आधारानें ही वसाहत वाढली. येथें नवरा, बायको व एखादें मूल एवढाच संसार पुष्कळ घरीं दिसतो. नवरा पाळीच्या नोकरीवर. रात्रपाळी करून आला, कीं दिवसा निजावयाचा. सासर दूर, माहेर दूर, आणि माहेरची आईहि हल्लीं नोकरी करणारी. आमच्या सूनबाईंचें असेंच झालें. त्यांच्या मातुःश्रींस पंधरा दिवसांहून अधिक रजा मिळण्याजोगी नव्हती. म्हणून वैशाखांतलें बाळंतपण येथेंच करावयाचें ठरलें.

फाल्गुनांतच घरांत दोन याद्या तयार झाल्या. एक आमच्या सौभाग्यवतींची: डिंकाचे, मेथीचे व अळिवाचे लाडू, भाजणी आणि मेतकूट. दुसरी सूनबाईंची: वरण, पुरण, शिजविलेलीं कडधान्यें, अर्धवट भाजलेल्या पोळ्या, आणि हें सर्व फ्रीजरमध्यें.

“बाळंतिणीला शिळं घालायचं?” सौभाग्यवतींनीं विचारलें.

“आई, हें शिळं नव्हे, थांबवून ठेवलेलं,” सूनबाई म्हणाल्या.

निवाडा आमच्याकडे आला. गीतेच्या सतराव्या अध्यायांत रात्र उलटलेलें अन्न तामसी लोकांस प्रिय असतें असें म्हटलें आहे खरें. परंतु मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत याच नियमास अपवाद सांगितले आहेत. तुपातेलानें युक्त असें अन्न शिळें असलें तरी खावें. जवागव्हाचे आणि दुधाचे पदार्थ तर स्नेहावांचूनहि बरेच दिवस राहिलेले चालतात. स्मृतीचें सगळेंच म्हणणें आज कोणी शिरोधार्य मानूं नये. पण हा अपवाद स्वयंपाकघरांतल्या अनुभवाचा आहे. अन्न नासण्यास ओल लागते व ऊब लागते. लाडवांत पीठ भाजून आणि गूळ-तूप घालून आपण ओल काढून घेतों. फ्रीजरमध्यें ऊब काढून घेतों. सासूचा डबा आणि सुनेचें शीतकपाट एकाच तत्त्वावर चालतात. तेव्हां दोन्ही याद्या कायम झाल्या.

मात्र थंडीचे कांहीं नियम आहेत, ते पाळलेच पाहिजेत. शून्याखालीं 18 अंशांवर जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहींत. अन्न पुन्हां ऊन झालें, कीं त्यांचें काम पुढें चालूं होतें. एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड नसतो. महिनाभराच्या साठ्यास निराळ्या दाराचा फ्रीजर हवा. हवा 32 अंशांहून तप्त असेल, तर शिजलेलें अन्न तासाहून अधिक बाहेर ठेवूं नये, असा अमेरिकेच्या कृषिखात्याचा नियम आहे. चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा 45 अंशांच्या वर जाणें ही बातमीहि नव्हे. येथें तो नियम भिंतीवर लिहून ठेवावा. वरण पसरट भांड्यांत ओतून, तें भांडें गार पाण्यांत ठेवून निववावें, आणि एका वेळेपुरत्या लहान डब्यांत भरून त्यावर पदार्थाचें नांव व तारीख लिहावी. काढलेला डबा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यांत ठेवून, नंतर चांगली उकळी आणावी. उरलेलें पुन्हां गोठवूं नये. पुरण, मटार, ओलें खोबरें, चिरलेली मेथी हीं उत्तम टिकतात. बटाटा भुसभुशीत होतो, दही फुटतें, काकडीचें पाणी होतें. वीज गेल्यास दार उघडूं नये; भरलेला फ्रीजर बंद ठेवल्यास सुमारें 48 तास, अर्धा भरलेला असल्यास 24 तास तग धरतो. विजेच्या गांवीं राहणारांनींहि हें ध्यानांत ठेवावें.

वैशाखांत नात झाली. त्यानंतरच्या सव्वा महिन्यांत या शिदोरीचा खरा उपयोग आमच्या ध्यानांत आला. स्वयंपाकास लागणारे दोन-तीन तास वांचले आणि ते सौभाग्यवतींनीं बाळंतिणीच्या खोलींत घालविले. मूल रात्रभर रडलें, तर पहाटे त्याला घेऊन बसावयास त्यांचे हात मोकळे होते, आणि सूनबाईंस चार घटका सलग झोंप मिळाली. चिरंजीव रात्रपाळीहून आले, कीं डबा काढून ऊन करीत व ताट नेऊन देत. आम्हीहि पोळ्या भाजावयास शिकलों. चरकांनीं सांगितलेल्या त्या मायाळू स्त्रियांची उणीव फ्रीजर भरून काढीत नाहीं. परंतु घरांत एकच अशी स्त्री असेल, तर तिला चुलीपासून सोडविण्याचें काम तो करतो.

आणि ताट भरलेलेंच असलें पाहिजे. बाळंतिणीस पाणी कमी द्यावें, भाज्या वर्ज्य कराव्या, ही रूढि कित्येक घरांत अजून आहे. पहिले सहा महिने मुलानें आईच्या दुधाखेरीज दुसरें कांहीं घ्यावयाचें नसतें; तेव्हां आईची उपासमार ती मुलाचीच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हिशेबाप्रमाणें या काळांत तिला रोज सुमारें 600 कॅलरी अधिक लागतात. लाडू ही चैन नव्हे, हें त्यावरून उघड आहे.

लाडवांतला डिंक धावड्याच्या झाडाचा; तो आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतूनहि गोळा होतो. डिंक वेंचणाऱ्या त्या हातांच्या घरीं बाळंतपणाची अशी बेगमी होणें कठीण. आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडींत रोज एक वेळ पूर्ण जेवण मिळावें म्हणून राज्यसरकारनें 2015 सालीं डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, ती याच गरजेंतून. जें काम आमच्या घरीं सासू करते, तें तेथें समाजानें अंगावर घेतलें आहे.

ज्यांच्या घरांत आज चार जावा एकत्र नांदत आहेत, त्यांस हें सर्व अनावश्यक वाटेल. परंतु त्यांच्याहि लेकी-सुना उद्यां नोकरीच्या गांवीं बाळंत होणार आहेत. लेकीला सातवा लागला, कीं तिला केवळ लाडवांचा डबा पाठवूं नका. जांवईबापूंस वरण निववून भरून ठेवण्याची रीतहि लिहून पाठवा.