डावीकडचा आतला

भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटायचं नाही. पण सहा दिवस ज्यांच्या भिंती खटखटतात, त्यांना सातव्या दिवशी आपल्याच घरातला पंखा ऐकू येतो. माझ्या पिकअपचं दुखणं मला अशाच एका शुक्रवारी ऐकू आलं. गाडी गल्लीतून मागे घेत होतो. चीं... चीं... चीं... चाकाच्या फेऱ्याबरोबर बारीक किंचाळी. ब्रेकवर पाय ठेवला की गप्प, पाय काढला की पुन्हा सुरू. हे किती दिवस चाललं होतं, देव जाणे. आमच्या निजामपुऱ्यात आठवडाभर शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, तिथे एका पत्र्याच्या जिभेचं कोण ऐकणार?

ती जीभ मुद्दामच बसवलेली असते. ब्रेक पॅडच्या लोखंडी पाठीला पत्र्याची छोटी पट्टी असते. पॅड झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी फिरत्या डिस्कला टेकते आणि बोंब मारते. सगळ्याच पॅडना ती नसते. माझ्यात होती, म्हणून डिस्क वाचली.

गॅरेज त्या दिवशी बंद. आणि खरं सांगायचं तर चालू असतं तरी मी गेलो नसतो. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी पॅड बदलून घेतले होते, वीस मिनिटांत गाडी हातात. खूश झालो होतो. मिस्त्रीला तरी काय बोलायचं, बाहेर तीन गाड्या भरून उभ्या आणि प्रत्येक मालकाला सूत वेळेवर पोचवायचं. तिथे जुने पॅड डब्यात टाकले, नवे बसवले, चाक चढवलं. जुने पॅड कुणी हातात घेऊन बघितले नाहीत. मीही नाही.

आमचे बाबा जॉबर होते. पॉवरलूम बंद पडला की कांडीवालीपासून शेठपर्यंत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे, आणि ते आधी पान्याला हातच लावायचे नाहीत. तुटलेला धागा बोटावर घ्यायचे, उजेडाकडे धरायचे. कापला गेला असेल तर टोक सरळ, ताणून तुटला असेल तर टोक निमुळतं, विस्कटलेलं. कापला असेल तर फणीत किंवा धोट्यात शोधायचं, ताणला असेल तर बीमकडे जायचं. मी शाळेत होतो तेव्हा मला हा वेळकाढूपणा वाटायचा. आता त्यांचंच बघून काम करतो, फक्त माझा धागा लोखंडाचा.

तर गाडी सपाट जागेवर घेतली. निजामपुऱ्यात सपाट जागा शोधणं हेच अर्धं काम. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. उचलल्यावर ढिले करायला गेलं तर चाक फिरतं आणि जॅक हलतो. जॅकखाली फळी, चेसीखाली स्टँड, आणि काढलेलं चाक चेसीखाली आडवं सरकवून ठेवलं. हे चाक सरकवणं मला कुणी शिकवलं नाही, एकदा जॅक घसरताना बघितला तेव्हा समजलं. त्या दिवशी स्टँड नव्हता. चाक होतं म्हणून गाडी अर्ध्या फुटावर अडली.

लेक दहावीत आहे. सुट्टी म्हणून टॉर्च धरायला तिला बसवली. कॅलिपरचे खालचे-वरचे बोल्ट काढले, कॅलिपर सुटला, तो सुती दोरीने वर बांधला. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याला लोंबकळत ठेवणं म्हणजे सलाईनच्या नळीला पेशंट टांगणं. दुसरी बाजूही तशीच उघडली आणि चारही पॅड काढून फडक्यावर ओळीने मांडले : उजवा बाहेरचा, उजवा आतला, डावा बाहेरचा, डावा आतला. जागा बदलू द्यायच्या नाहीत. नव्या पॅडवर घासणारा थर साधारण दहा-बारा मिलिमीटरचा असतो. लेकीने कंपासपेटीतली पट्टी आणली.

"पप्पा, हा पाच. हा पण पाचच. हा सहा. आणि हा..." ती थांबली. "याला दोन म्हणू की दीड?"

डावीकडचा आतला. त्याचा शेजारी सहा आणि हा दीड.

माझ्या मते या कामातली खरी वेळ हीच असते. पॅड झिजले म्हणून बदलणं कुणालाही येतं. झिजायलाच तर बनवलेत ते. प्रश्न असा की चौघांना सारखंच काम दिलेलं असताना एकानेच एवढी मजुरी का केली? ब्रेक दाबल्यावर पिस्टन आतल्या पॅडला डिस्कवर ढकलतो. मग त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरच्या पॅडला पलीकडून ओढून आणतो. पिना मोकळ्या सरकल्या तर दोघांना सारखा वाटा. पिन अडकली की कॅलिपर जागचा हलत नाही, सगळा भार आतल्यावर. पाय काढला तरी तो पुरता सुटत नाही, घासतच राहतो.

वरची पिन बोटाने निघाली. खालची निघेना. पाना लावून, फिरवून, शिव्या घालून बाहेर आली तेव्हा तांबूस, खडबडीत. तिच्या रबरी टोपीला चीर होती आणि टोपीत वाळलेला, राखाडी, बारीक चिखल. तो चिखल मी ओळखला. कामवारी नदी फुगली की आमच्याकडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. गेल्या जुलैत अशाच पाण्यातून गाडी काढली होती, कारण मागे तागे भरलेले होते आणि ताडपत्री फाटकी. पाणी हबच्या वर होतं. घरी येऊन मी तागे पुसले. गाडीकडे कोण बघतं?

म्हणजे चीर त्या आधीची, कदाचित त्या वीस मिनिटांतली. पाणी जुलैतलं, गंज दिवाळीपर्यंतचा. उरलेलं काम कसारा घाटाने केलं. मालेगावहून भरून येताना मी तिसऱ्या गिअरवर उतरतो असं सगळ्यांना सांगतो. दीड मिलिमीटरचा पॅड सांगत होता की नेहमी नाही उतरत.

घाटातली गोष्ट हिशेबाने कळते. गाडी आणि माल मिळून तीन टन धरा. ताशी 60 किलोमीटरवरून ती एकदा पूर्ण थांबवली तर चारही चाकांत मिळून इतकी उष्णता तयार होते की साधारण सव्वा लिटर पाण्याला उकळी यावी. एका ब्रेकला चहाचं एक आधण! त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांचा, कारण ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. घाटात अशी आधणं एकामागून एक. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पीत राहतं, त्यामुळे जुनं ऑइल लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल मऊ लागतं. म्हणून इंजिनाला गाडी धरू द्यायची.

पिन पॉलिश पेपरने घासली, फार खोल खड्डे नव्हते. रबरी टोप्या नव्या आणल्या होत्या, पॅडच्या पाकिटाबरोबरच. पिनेला ब्रेकचं वेगळं ग्रीस लावायचं. साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर टोपीचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मग पिस्टन मागे दाबला, जुना पॅड मध्ये ठेवून शिकंज्याने, हळू. आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघून घ्यायची, कारण पिस्टन मागे गेला की तेल वर चढतं, आणि सांडलं तर रंग खातं. डिस्कच्या कडेवर नख फिरवलं. ओठ होता, पण बारीक. डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते ते कोरलेलं असतं. माझी त्यापेक्षा वर होती.

काळी धूळ ओल्या वेस्टने, म्हणजे वाया गेलेल्या सुताने, पुसली. वेस्टला भिवंडीत तोटा नाही. फुंकर किंवा हवेचा पाइप मारायचा नाही, असं लेकीला सांगितलं. तिने अर्थातच कारण विचारलं. मग ते इंग्लंडपर्यंत गेलं.

हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस, डर्बीशायरचा. त्याच्या भागातले शेतकरी उतारावर घोडागाड्या आवरायला लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं ठोकायचे, ते बघून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. 1897 च्या सुमाराला तो ब्रेकच्या मागे लागला. पुढे त्याने घासायला काय वापरलं? विणलेला सुती पट्टा, डांबरासारख्या पदार्थात मुरवलेला. म्हणजे कापडच! सूत उष्णतेला जळायचं, म्हणून 1908 पासून तो अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा विणू लागला. त्या धाग्याची धूळ फुप्फुसात बसते आणि माणसाला मारते, हे जगाने मान्य करेपर्यंत कितीतरी वर्षं गेली. आता बरेच पॅड त्याविना बनतात, पण धुळीवर शिक्का नसतो. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. त्याच्याच आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं पहिलं अक्षर घातलेलं.

"म्हणजे ब्रेक आपल्या धंद्यातला निघाला," लेक म्हणाली.

होता तर. मागाच्या बीमलाही ब्रेकच असतो. कडेच्या चकतीभोवती दोर किंवा साखळी, तिला वजनं टांगलेली. ते घासणं नसेल तर बीम मोकळा सुटेल, ताण्याचे धागे सैल पडतील. बीम रिकामा होत गेला की बाबा वजन थोडं थोडं सरकवत जायचे. ते डोळ्यांनी नव्हे, ताण्यावर तळवा ठेवून ठरवायचे. मला ते अजूनही जमलेलं नाही, तळव्याने ताण ओळखणं. पॅड मोजायला पट्टी लागते.

नवे पॅड बसवले. घासणाऱ्या बाजूला बोट लावलं नाही. चाक चढवलं, नट एकाआड एक आवळले, गाडी खाली घेतली, पुन्हा आवळले. पॅड जोडीनेच बदलायचे, दोन्ही चाकांचे, म्हणून उजवीकडेही तेच सगळं. उजवीकडच्या पिना मोकळ्या होत्या. दुपार झाली.

मग ते काम, जे पहिल्यांदा मी केलंच नव्हतं. नवे पॅड बसवल्यावर पिस्टन मागे गेलेला असतो, आणि पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल सरळ जमिनीला जातं. खाली काहीच नसतं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. गाडी चालू केली, उतारावर सोडली आणि समोरच्या भिंतीवर टेकवली. वेग चालण्याइतका, नुकसान एका बंपरचं आणि एका कुंडीचं. कुंडीवाल्या चाची अजून मला बघितलं की भिंतीला हात लावतात. म्हणून आता इंजिन चालू करायच्या आधी पेडल पंप करतो, दहा वेळा, बारा वेळा, पायाखाली दगडासारखं घट्ट लागेपर्यंत. चाची गॅलरीत उभ्या होत्या. "लागला का रे?" त्यांनी वरून विचारलं. लागला म्हटलं.

संध्याकाळी बायपासला गेलो. नवे पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांना ओळखत नाहीत. 50 च्या वेगावरून 20 पर्यंत हलके हलके ब्रेक, मध्ये थंड व्हायला अंतर, असं दहा-बारा वेळा. गाडी डावीकडे ओढायची थांबली होती. ती ओढत होती हे मला तोवर कळलंही नव्हतं. मी स्टिअरिंग जरा उजवीकडे धरूनच चालवत आलो होतो.

जुने पॅड लेकीने वर्तमानपत्रात गुंडाळले आणि प्रत्येकावर बॉलपेनने आकडा लिहिला. तीन भंगारात गेले. डावीकडचा आतला मी डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय.

शनिवारी सकाळी सात वाजता माग सुरू झाले. गाडी काढली, काच खाली केली, कान दिला. खटखट, खटखट, खटखट. बाकी काही नाही. पुढच्या शुक्रवारी बघू.