लगाम आणि दाणावैरण

युद्धांच्या इतिहासात घोडदळाचे आकडे मिळतात. शिंगराच्या तोंडात प्रथम लगाम कसा गेला, हे क्वचितच कळते. म्हणून इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफनचे अश्वविद्येवरील पुस्तक मला मोलाचे वाटते.

घोड्याच्या पुढच्या दातांमागे, दाढांच्या आधी हिरडीची मोकळी जागा असते. लगामाची कडी तेथेच विसावते. घोडा तोंड उघडत नसेल, तर कडी दातांशी धरून डाव्या हाताचा अंगठा जबड्यात घालावा, असे झेनोफन सांगतो. मात्र लगाम केवळ स्वारीपुरता नसावा; दाणावैरणीकडे नेताना, घरी आणतानाही तो तोंडात असावा. मग घोडा आपणहून तो घेऊ लागेल.

येथे मी नेहमी थबकते. कोणत्याही राजवटीतील प्रजेच्या निष्ठेविषयी वाचताना, लगामासोबत दाणावैरण कोणती होती, हे मी आता आधी शोधते.